संगणक कक्षाची किल्ली कोणाकडे?

आमच्या शाळेच्या संगणक कक्षाला पितळी कुलूप आहे. त्याची एक किल्ली कार्यालयात भाऊसाहेबांच्या, म्हणजे लिपिकांच्या, ड्रॉवरमध्ये असते. दुसरी किल्ली संगणक शिकवायला कंत्राटावर आलेल्या सरांकडे असायची. त्यांचे कंत्राट संपले तेव्हा तीही कार्यालयात जमा झाली. मी या शाळेत २२ वर्षे नववी-दहावीला गणित शिकवते आहे. गणिताच्या तासासाठी ती किल्ली मागायला पहिल्यांदा गेले, तेव्हा भाऊसाहेब वावगे काही बोलले नाहीत. "मॅडम, काही बिघडलं तर?" एवढेच त्यांनी विचारले. त्यांचेही चूक नव्हते. कक्षातली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला, चढलेली असते आणि तपासणीच्या दिवशी ती जागेवर दाखवावी लागते. वस्तू वापरली की कधी ना कधी बिघडणार, आणि बिघडली की ज्याच्या ताब्यात ती आहे त्याला विचारणा होणार. त्यामुळे ती कापडाखाली झाकून ठेवणे सगळ्यांनाच सुरक्षित वाटते.

शिक्षकांकडे डिजिटल साधने आहेत का, हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जातो आणि त्याचे उत्तर नगांत दिले जाते. शाळांची माहिती गोळा करणाऱ्या 'यू-डायस प्लस' या सरकारी प्रणालीच्या २०२४-२५ च्या अहवालानुसार देशातल्या ६४.७ टक्के शाळांत संगणक आहेत आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट. आदल्या वर्षी हेच आकडे ५७.२ आणि ५३.९ होते. वाढ झाली आहे, त्याचा आनंदच आहे. पण त्या खोलीत गणिताचा एक तरी तास झाला का, हे या आकड्यांतून कळत नाही. मधल्या सुट्टीनंतरच्या पाचव्या तासिकेला, कोणाची परवानगी न मागता, गणिताच्या शिक्षकाला ते साधन सुरू करता येते का? माझ्या दृष्टीने ते साधन शिक्षकापर्यंत पोहोचले की नाही, हे एवढ्यावरून ठरते. मी पाहिलेल्या बहुतेक माध्यमिक शाळांत याचे उत्तर नाही असेच आहे.

महाराष्ट्रात डिजिटल शाळांची जी लाट आली ती मुख्यतः प्राथमिक शाळांची होती, हे आपण विसरतो. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातला पष्टेपाडा, सोलापूर जिल्ह्यातली परितेवाडी ही नावे शिक्षकांना तोंडपाठ आहेत. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, तेव्हा पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडची चर्चा घराघरांत झाली. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमानंतर कितीतरी गावांनी लोकवर्गणी काढून शाळेला टॅब आणि प्रोजेक्टर दिले. त्या गुरुजींच्या जिद्दीचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण या यशामागे शाळेच्या रचनेचाही हात होता. दोन शिक्षकी शाळेत गुरुजी आणि वर्ग दिवसभर एकाच खोलीत असतात. खोली त्यांची, कपाट त्यांचे, किल्लीही त्यांच्याच खिशात. सकाळी काही जमले नाही तर दुपारी पुन्हा करून पाहता येते.

माध्यमिक शाळेत शिक्षक फिरता असतो. पस्तीस मिनिटांनी घंटा होते आणि मी खडू, डस्टर, लाकडी कंपास घेऊन नववी क मधून दहावी ब मध्ये जाते. वर्ग मुलांचा, प्रयोगशाळा विज्ञानाची, संगणक कक्ष कार्यालयाचा. गणिताला स्वतःची खोली नसते. विज्ञानाला प्रयोगशाळा लागते हे कोणाला पटवून द्यावे लागत नाही, गणिताला मात्र फळा आणि वही पुरते असे गृहीत धरलेले असते. पस्तीस मिनिटांतली दहा मिनिटे जर पासष्ट मुलांना दुसऱ्या इमारतीत नेण्यात, यूपीएस सुरू होण्याची वाट पाहण्यात आणि वायर शोधण्यात गेली, तर शहाणा शिक्षक पुढच्या वेळी तो प्रयत्नच करत नाही. मग आपण म्हणतो, शिक्षकांना तंत्रज्ञानाची आवड नाही.

आवड नाही हे तर अजिबात खरे नाही. गेल्या दहा वर्षांत शाळेतल्या शिक्षकाइतके ऑनलाइन काम फार थोड्या नोकरदारांनी केले असेल. २०१५ मध्ये 'सरल' ही शाळा-विद्यार्थ्यांच्या माहितीची ऑनलाइन प्रणाली आली, तेव्हापासून मुलांची माहिती भरणे, आधारमधल्या नावाच्या स्पेलिंगशी जुळवणे, यू-डायस, पोषण आहाराचे आकडे, फोटो, लिंक, पुन्हा लिंक. वेतन 'शालार्थ'वर आणि प्रशिक्षण 'दीक्षा'वर. 'आज सायंकाळी पाचपर्यंत' असा संदेश व्हॉट्सॲपवर येतो आणि माझ्या स्वतःच्या मोबाइलवर, माझ्याच डेटा पॅकमधून मी ती माहिती भरते. एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र वेळेत दिले नाही म्हणून वेतनवाढी रोखल्या गेलेले, वसुलीची पत्रे हातात पडलेले शिक्षक प्रत्येक तालुक्यात आहेत. म्हणजे तंत्रज्ञान आमच्यापर्यंत नक्की आले, पण वर माहिती पाठवण्यासाठी. खाली, वर्गात, फळ्याशेजारी ते उतरले नाही. या दोन वापरांची गल्लत करून 'शिक्षक आता तंत्रस्नेही झाले' असे अहवालांत लिहिले जाते, ते वाचून मनाला फार लागते.

फळ्याशेजारी ते उतरले तर काय होते, हे एका तासावरून सांगते.

दहावीच्या गणित भाग २ मध्ये वर्तुळाचे प्रकरण आहे. त्यात अंतर्लिखित कोनाचे प्रमेय येते. वर्तुळात अंतर्लिखित केलेल्या कोनाचे माप त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या मापाच्या निम्मे असते. सिद्ध करताना तीन प्रकार घ्यावे लागतात. वर्तुळकेंद्र कोनाच्या भुजेवर असते, कोनाच्या अंतर्भागात असते किंवा बाह्यभागात असते. फळ्यावर मी तीन वर्तुळे काढायचे आणि तीन सिद्धता लिहायचे. हुशार मुलेसुद्धा ती तीन वेगळी प्रमेये समजून पाठ करायची. दर वर्षी कोणीतरी विचारायचे, "मॅडम, तिसरा प्रकार परीक्षेला येतो का?"

एके वर्षी घरचा लॅपटॉप नेला, शाळेचा प्रोजेक्टर मागून घेतला आणि हेच प्रमेय जिओजेब्रावर दाखवले. हे सॉफ्टवेअर फुकट आहे. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर या विद्यार्थ्याने ते पदव्युत्तर प्रबंधासाठी तयार केले आणि आज ते जगभरच्या शाळांत चालते. पडद्यावर वर्तुळ काढले, ए आणि सी हे बिंदू जागेवर ठेवले आणि बी हा शिरोबिंदू सरकवायला एका मुलीच्या हातात माउस दिला. बी वर्तुळावरून फिरू लागला. भुजा हलत होत्या, कोन कधी उभट दिसत होता, कधी कललेला, पण शेजारचा आकडा ५० अंशांवरून हलत नव्हता. फिरता फिरता एक भुजा केंद्राला येऊन टेकली, मग ओलांडून गेली आणि केंद्र कोनाच्या बाहेर पडले. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो गणिताच्या तासाला सहसा खिडकीबाहेर बघत असे, मोठ्याने म्हणाला, "मॅडम, हे तिन्ही एकच आहे की! केंद्र फक्त इकडून तिकडं जातंय."

हे वाक्य मी फळ्यावर कितीतरी वर्षे लिहीत आले होते, पण वर्गातून ते कधी आले नव्हते.

मुलीने बी आणखी ओढला, तो ए च्या पलीकडे, दुसऱ्या कंसावर गेला. ५० चा एकदम १३० झाला. वर्ग क्षणभर गप्प, मग दोघातिघांनी एकदम बेरीज केली. १८०. चक्रीय चौकोनाचे समोरासमोरचे कोन परस्परांचे पूरक का असतात, ही पुढच्या आठवड्यातली गोष्ट त्या दिवशी आपणहून चालत आली. मी तिथेच प्रोजेक्टर बंद केला आणि खडू हातात घेतला. पडद्यावर जे दिसले ते तसे आहे एवढेच कळले होते. ते तसे का आहे, हे पडदा सांगत नाही. त्रिज्या जोडल्या, समद्विभुज त्रिकोण दिसले, बाह्यकोनाचे प्रमेय लावले. ही सिद्धता मुलांनी वहीत स्वतः लिहिली, कारण आता ती त्यांच्याच प्रश्नाचे उत्तर होती. तंत्रज्ञानाकडून मला एवढेच हवे आहे. त्याने मुलांना प्रश्नापर्यंत आणून सोडावे, पुढचे मी बघते.

या तासामागे एक रात्र होती, तीही सांगायला हवी. घरी करून पाहताना बी दुसऱ्या कंसावर गेला की पडद्यावर १३० ऐवजी २३० येत होते. कोन शून्य ते १८० अंशांतच मोजायचा, अशी निवड त्या कोनाच्या गुणधर्मांत जाऊन करावी लागते, हे शोधायला मला तासभर लागला. वर्गात पासष्ट मुलांसमोर २३० आला असता तर माझी तारांबळ उडाली असती आणि मी पुन्हा त्या वाटेला गेले नसते. प्रशिक्षणात जे सांगायला हवे ते हे असते. प्रत्यक्षात आमच्या प्रशिक्षणांत एकविसाव्या शतकातली कौशल्ये असतात, स्लाइड असतात, प्रश्नमंजूषा असते, शेवटी प्रमाणपत्र डाउनलोड होते. व्हिडिओ एका बाजूला चालू ठेवून दुसऱ्या बाजूला उत्तरपत्रिका तपासणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्यांना दोष द्यावासा वाटत नाही, कारण त्या व्हिडिओत २३० चे उत्तर नसते. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात जिओजेब्राचे छोटे पाठ आहेत, मराठीतही आहेत. ते बघून माझ्यासारखीला पुष्कळ शिकता आले. शेजारच्या चार शाळांतल्या गणिताच्या शिक्षकांना महिन्यातून एक दुपार एकत्र बसवून 'पुढच्या महिन्यात वर्तुळ आहे, चला करून पाहू' एवढे केले, तरी मोठ्या शिबिरापेक्षा अधिक काम होईल. बऱ्याच शाळांत गणिताचे तास जीवशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालेल्या शिक्षकांकडे असतात. मन लावून शिकवणारी माणसे आहेत ती. पण भूमितीतच पाय डळमळत असेल तर हातात माउस देऊन आधार मिळत नाही. त्यांच्याबरोबर आधी गणित करावे लागेल, यंत्र त्याच्या जोडीने येईल.

फळा-खडूच्या बाजूने बोलणारे ज्येष्ठ शिक्षक मला आदरणीय आहेत. माझे स्वतःचे गणित अशाच एका सरांमुळे पक्के झाले. ते म्हणतात, पूर्वी यातले काही नव्हते तरी गणितज्ञ झालेच ना. त्यांना मी नम्रपणे आठवण करून देते, की आपल्याकडे अंकगणिताचे जुने नावच पाटीगणित. धूळ पसरलेल्या पाटीवर बोटाने किंवा काडीने आकडे काढून, पुसून, पुन्हा काढून जे होत असे ते गणित. म्हणून त्याला धूलिकर्मही म्हणत. साधनाचे नाव विषयाला लागावे इतके ते साधन त्या विषयात मुरलेले होते. ती पाटी ज्याच्या हातात होती तो गणित करत होता, हे त्यात महत्त्वाचे.

हीच गोष्ट तयार पाठांच्या पेनड्राइव्हला लागू पडत नाही. शाळांना इंटरॅक्टिव्ह पॅनेल, म्हणजे स्पर्शाने चालणारा मोठा पडदा, मिळते, त्यात पूर्ण अभ्यासक्रम भरलेला असतो. बटण दाबले की कार्टूनमधली ताई वर्गसमीकरण सोडवून दाखवते, मुले बघतात, शिक्षक बाजूला उभे राहतात. मूल चुकले कुठे हे त्या ताईला कळत नाही. पॅनेलवर पैसे गेले म्हणून तासाला ते चालू ठेवणे भाग पडते, आणि शिक्षकाचे पस्तीस मिनिटांवरचे नियंत्रण गेले की उरते ते दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण.

याबद्दल भावनेपलीकडचा पुरावा शेजारच्या गुजरातमध्ये आहे. २००० मध्ये बडोद्याच्या महापालिका शाळांना राज्य सरकारने प्रत्येकी चार संगणक दिले होते. बहुतेक ठिकाणी ते पडून होते. मग शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेने तेच संगणक घेऊन चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ सुरू केले. एका संगणकावर दोन मुले, आठवड्याला दोन तास, त्यातला एक शाळेच्या वेळेत आणि एक वेळेबाहेर. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मोजमाप केले तेव्हा मुलांच्या गणितात ठळक सुधारणा दिसली. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात तिचा मोठा भाग ओसरलाही. याच गटातले ली लिंडेन यांनी पुढे गुजरातमध्येच दुसऱ्या शाळांत पाहिले, तर संगणकाचा वेळ जिथे शिक्षकाच्या तासाच्या जागी आला तिथली मुले मागे पडली, आणि जिथे तो शाळेबाहेर जादाचा मिळाला तिथली पुढे गेली. ही मुले प्राथमिकची होती आणि दहावीची भूमिती निराळी, हे मला मान्य आहे. तरी बंद खोक्यांतले चार संगणक आणि वापरातले चार संगणक यांत काय अंतर आहे, ते बडोद्याने दाखवले. आणि तास कोणाचा, हा प्रश्न यंत्राच्या किमतीइतकाच मोठा आहे, हे लिंडेन यांच्या कामातून कळते.

परीक्षेचा विषय टाळून चालणार नाही. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात जागोजागी चौकटी आहेत, जिओजेब्रा वापरून आकृती काढून पाहा असे सुचवणाऱ्या. पुस्तक करणाऱ्यांनी तळमळीने ते घातले आहे. पण ४०-४० गुणांच्या दोन लेखी प्रश्नपत्रिकांत त्या चौकटीचा मागमूस नसतो, म्हणून वर्गात ती उलटून पुढे जातात. परीक्षेत संगणक आणा असे मी म्हणत नाही, कॅल्क्युलेटरही नको. २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन शाळेच्याच हातात आहे. त्यातले पाच गुण अशा एका कामाला द्या, जे मुलाने स्वतः यंत्रावर करून पाहिले आणि त्याबद्दल चार ओळी स्वतः लिहिल्या. अर्थनियोजनाच्या प्रकरणात जीएसटी आहे. ज्याच्या वडिलांचे किराणा दुकान आहे त्या मुलाने स्प्रेडशीटमध्ये खरे बिल करून आणावे. पाच गुण आले की मुख्याध्यापक किल्लीची चौकशी स्वतः करतील, एवढा मला माझ्या व्यवस्थेचा अनुभव आहे.

हे लवकर करायला हवे, कारण मुले थांबलेली नाहीत. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी जवळजवळ ९० टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन आहे. ज्यांना तो वापरता येतो त्यांच्यापैकी अभ्यासासाठी तो आठवड्याभरात वापरला असे सांगणारी मुले ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. माझ्या वर्गातली मुले गणिताचा फोटो काढतात आणि फोन पायऱ्यांसकट उत्तर देतो. गृहपाठाच्या वह्या आता अगदी स्वच्छ येतात. परवा एका मुलीला मी विचारले, या तिसऱ्या पायरीत उणे चिन्ह कुठून आले? तिने प्रामाणिकपणे सांगितले, "मॅडम, ते तसंच आलं." तिला रागवून काय होणार? ते चिन्ह कुठून आले हे शोधायला त्याच यंत्राचा उपयोग कसा करायचा, ते मी तिला शिकवायला हवे. तिच्या हातात फोन आहे आणि माझ्या वर्गात प्लग चालत नाही, ही स्थिती मला असह्य वाटते.

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक माध्यमिक शाळेत गणितासाठी एक ठरलेली खोली असावी, तिच्यात भिंतीला पक्का बसवलेला एक प्रोजेक्टर, एक लॅपटॉप, चालू प्लग. तिथे मुले येतील, शिक्षक फिरणार नाहीत. चाळीस संगणकांच्या कक्षापेक्षा याचा खर्च कितीतरी कमी. आठवड्यातल्या दोन तासिका तयारीसाठी वेळापत्रकातच मोकळ्या असाव्यात. आणि दुरुस्तीचा पैसा दरवर्षी, न मागता, शाळेच्या हातात यावा. खरेदीला योजना असते, उद्घाटनाला पाहुणे असतात, पण बल्ब, बॅटरी, केबल यांना हिशेबात खर्चाचे शीर्षच नसते. अनुदानित शाळेत वेतनेतर अनुदान इतके तुटपुंजे की वीजबिल भरतानाच मुख्याध्यापकांची ओढाताण होते. वापरताना बिघडलेल्या वस्तूची शिक्षकाकडून वसुली होणार नाही, असे एका ओळीचे लेखी पत्र जर शिक्षण खात्याने काढले, तर निम्मी कुलपे उघडतील.

आमच्या शाळेत आता थोडे बदलले आहे. नवे मुख्याध्यापक आले, त्यांनी माझे म्हणणे ऐकून घेतले आणि प्रोजेक्टर वर्षभर एका वर्गात ठेवायला परवानगी दिली. किल्ली शिक्षकखोलीत वेळापत्रकाच्या फळ्याशेजारी खिळ्याला लावलेली असते. शेजारी दोरीने बांधलेली वही. जो नेईल त्याने तारीख, वर्ग, तासिका आणि घटक लिहायचा. सुरुवातीला सगळ्या नोंदी माझ्याच अक्षरात होत्या. आता भूगोलाचे सर आहेत, विज्ञानाच्या मॅडम आहेत, आणि कधीही यंत्राला हात न लावणारे आमचे आठवीचे गणिताचे सरही आहेत. वहीतली शेवटची नोंद त्यांचीच आहे. आठवी अ, चौथी तासिका, रेषीय आलेख. शेरा या रकान्यात त्यांनी लिहिले आहे, 'चित्र मंद दिसते, मागच्या मुलांना अक्षरे वाचता येत नाहीत, बल्ब बदलावा.' ती वही घेऊन मी मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी कोटेशन मागवले आहे. पैसे कोणत्या शीर्षातून काढायचे, याचा शोध भाऊसाहेब घेत आहेत.